एक जूनचा दिनविशेष

वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहिणं हे रेडकर गुरुजींचं निवृत्तीनंतरचं काम. कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, कुणी कसला शोध लावला, सगळं तोंडपाठ. स्पर्धा परीक्षेची मुलं येता-जाता ते वहीत उतरवून घेत. गुरुजींशी दिवसभरात कुणी बोललंच, तर तेवढ्यापुरतंच.

आज त्यांनी थोरामोठ्यांच्या खाली आणखी एक ओळ लिहिली. ‘जन्म : द्वारका रेडकर.’

“या कोण, गुरुजी?” वही घेऊन उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं. “परीक्षेला येतील?”

“नाही येणार. माझी बायको. दिवाळीत गेली.”

मुलगी ओशाळली. मग हळूच म्हणाली, “माझ्या आजीचाही वाढदिवस एक जूनच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेला. खरा श्रावणातला आहे. यांचा खरा कधी?”

गुरुजींचा खडू हातातच राहिला. त्यांनीही शेकडो पोरांना हीच तारीख देऊन टाकली होती. द्वारकानं एकदा चहा देताना विचारलं होतं, “माझा खरा वाढदिवस ठाऊक आहे का तुम्हाला?” पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले होते, “कागदावर आहे की!” ती नुसती हसली होती. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

त्यांनी तळहातानं ‘जन्म’ पुसलं. नाव तसंच ठेवलं.

“सांगा ना, गुरुजी.” मुलगी पेन उघडून उभी होती. “लिहून घेते.”