उचललेला हात

बॅडमिंटनच्या फायनलआधी नियमाप्रमाणे पंचांनी ऋजुताच्या खांद्यातली चिप बंद केली. हात कुठे आहे, हे ज्युनिअर गटापासून ती चिपच तिच्या मेंदूला सांगत आली होती. आता डोळे मिटून रॅकेट खांद्याच्या रेषेत धरून दाखवायची, तरच कोर्टवर प्रवेश.

सरावात चिप बंद ठेवत जा, असं कोच टेंबे सर बजावून थकले होते. पण एक शॉट चुकला की ती लगेच चालू करायची.

तिनं डोळे मिटले. सर कोर्टच्या कडेवरून बघत होते.

“सर, विचारा ना पंचांना,” ऋजुता म्हणाली, “अजून किती वेळ वर धरू?”

रॅकेट तिच्या गुडघ्यापाशी लोंबत होती.