अनोळखी नंबर

"पोरगं तिकडं जेलात सडून राह्यलं, अन् सरकार झोपलं काय?" भागिरथाबाईनं कलेक्टर कचेरीतल्या टेबलावर हात आपटला.

टेबलामागच्या रत्नमाला मॅडम दचकल्या. समोर कामरगावचं जोडपं उभं होतं, पुंजाजी आणि भागिरथाबाई. त्यांचा रवी आखातात एका गोदामात कामाला होता. मालकानं त्याच्यावर चोरीचा आळ घातला. चोरी झाली त्या दिवशी रवी तापानं दवाखान्यात पडून होता, पण परक्या मुलखात गरिबाचं ऐकतो कोण? सुटीवर आलेल्या कारंजाच्या एका पोरानं काल घरी येऊन सांगितलं, तेव्हा कुठं आईबापाला कळलं.

मॅडमनी तिथल्या भारतीय वकिलातीत फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडचा अधिकारी हिंदीत बोलत होता. चिडलेलाच होता. "आम्ही वकील दिला. दवाखान्याचा कागद मिळवला. घरच्यांची साथ हवी म्हणून वडिलांना कितीदा फोन केले. त्यांनी दर वेळी शिव्या देऊन फोन कापला."

भागिरथाबाई नवऱ्याकडे पाहतच राहिली.

"गावातल्या धनराजले असाच फोन आलता," पुंजाजी चाचरत म्हणाला. "पोरगं पकडलं म्हने. लुटला बिचारा. मंग पोलिसायनं गावात सभा घेतली. असा फोन आला का कापा म्हने. मशीननं पोराचा आवाजबी काढतात म्हने. म्हून म्या कापला."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथं तोंड पोळलं धनराजचं आणि ताक फुंकत बसला पुंजाजी.

भागिरथाबाई फोनवर वाकली. "साहेब, आमच्या गावात कोतवाल हाये, पोलीस पाटील हाये. एक मानूस दारात धाडला असता, तं सरकारचे काय पाय मोडले असते?"

फोन कापा म्हणून सांगणारंही सरकार, आणि फोन लावत बसणारंही सरकारच. कामरगावच्या त्या दारापर्यंत चालत जायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

"शेवटी आम्ही तुरुंगातून रवीलाच वडिलांना फोन लावून दिला," अधिकारी आता हळू आवाजात म्हणाला. "बोलणं झाल्यावर तो वकिलाला म्हणाला, आता कोणासाठी लढू? दुसऱ्या दिवशी त्यानं न केलेली चोरी कबूल केली."

भागिरथाबाईनं पुंजाजीचा खांदा धरून हलवला. "काय बोलले तुमी त्याले?"

"हुबेहूब त्याचाच आवाज होता वं," पुंजाजी म्हणाला. "म्हून तं त्या खेपेले जास्त शिव्या देल्या."