फोटोतली खोली

"हीच खोली आम्ही बुक केलीय." पाहुणीने मोबाईल पुढे धरला.

उंबऱ्यात बांगडे साफ करत बसलेल्या सुगंधाने फोटो पाहिला. पडदा तिनेच शिवलेला. पितळी कळशीही तिचीच. दर मे महिन्यात घरमालक पर्यटकांसाठी तिला बहिणीकडे धाडायचा. यंदा म्हणाला होता, "आता कायमचीच सोड."

पाहुणीने त्याला फोन लावला. स्पीकरवर तो कडाडला, "ती अजून तिथेच? सामान फेकतो तिचं!"

सुगंधा फोनजवळ सरकली. "शेटनू, दरवर्साक मी गुमान भायर गेलंय. आता हंयसून हलणंय नाय."

हात धुऊन तिने त्याच कळशीतलं पाणी पाहुणीला दिलं. "दमून आलात, जेवून जा ताई. राहायला मात्र दुसरीकडे बघा. इथं मी राहते."