तासाभराची वाट

"कोल्हापूर ते हैदराबाद, साडेचारशे किलोमीटर, साधारण एक तास दहा मिनिटं," महावीरनं घोषणा ऐकून आईला मराठीत सांगितलं. सीताबाईंनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं.

"मग कुरुंदवाडास्नं कोल्हापूरला यायला यष्टीला किती लागतंय?"

"तेवढंच की, आव्वा."

थोरली लेक अपूर्वा दीक्षा घेऊन आर्यिका, म्हणजे जैन साध्वी झाली, तेव्हापासून सीताबाई रुसलेल्या. गेल्या पावसाळ्यात चातुर्मासाला ती चार महिने कोल्हापुरातच होती. अख्खी गल्ली दर्शन घेऊन आली, या गेल्या नाहीत. जिला न्हाऊमाखू घातलं तिला माताजी म्हणून हात जोडायचे, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. आता तिचा संघ उद्या हैदराबादहून पार झारखंडातल्या शिखरजी तीर्थाकडे निघणार होता. पुन्हा इकडे कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून महावीरनं हट्टानं तिकिटं काढली.

"लांबनं बघीन आणि माघारी फिरीन," उजळाईवाडीच्या विमानतळावरही त्यांनी बजावलं होतं.

विमान उडालं. उसाचे हिरवे तुकडे, नदीची वळणं, एका कारखान्याचा धूर बघता बघता मागे पडला. सीताबाई खिडकीला नाक लावून बसल्या. भीती नव्हती, पण एवढी जमीन त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. हिरवं संपलं आणि उघडी, करडी माती लागली. ती काही संपेना. मधूनच एक रस्ता दोऱ्यासारखा दिसायचा.

"हितनंच गेली व्हय रं?"

"व्हय. विजापूर, गुलबर्गा करत. दिवाळी झाल्यावर निघाली, पोचायला दोन महिनं लागलं."

आर्यिका वाहनात बसत नाहीत, पायात काही घालत नाहीत, दिवसातून एकदाच आहार घेतात, हे सीताबाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. ते किती मोठं आहे, हे मात्र आज दिसलं. आणि हीच पोर मळ्यातून घरी येताना कडेवर घे म्हणून वाटेत बसकण मारायची.

विमान खाली येऊ लागलं. "बघ, आलं पण," महावीर म्हणाला.

"तुझं आलं आसंल. मी सगळ्या वाटंनं बघत आलो, टेकायला एक झाड दिसलं न्हाय रं."

सीताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"उतरलं की कुठं थांबू नगंस," त्या म्हणाल्या. "आदी माताजींचं पाय बघायचं हायत मला."