युनिट विकेपर्यंत

बाबा गेले, तरी वृद्धांच्या रिटायरमेंट व्हिलेजमधलं त्यांचं राहतं युनिट विकेपर्यंत सर्व्हिस चार्ज त्यांच्या मुलीने, इरावतीनेच भरायचा होता.

"लॉकडाऊनमध्ये स्विमिंग पूल बंद, बस बंद. मग सर्व्हिस कसली देताय?" तिने फोनवर मॅनेजरला झापलं.

"रोज सकाळी फोन करून रहिवाशाची खुशाली विचारतो की."

"अहो, रहिवासी वारलेत!"

"नो वरीज. युनिट विकेपर्यंत सेवा चालू राहील."

दुसऱ्या सकाळी तिच्याजवळचा बाबांचा मोबाइल वाजला. "मिस्टर दामले, रात्री झोप लागली का?"

वेस्टमीड उपनगरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये महिनाभर एकटी कोंडलेली इरावती शिव्या घालायला तोंड उघडून थांबली. "नाही हो," ती म्हणाली.

मग रोज सकाळी ती तो फोन घेऊ लागली. पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर युनिट बघून एक गिऱ्हाईक तयार झालं. इरावतीने किंमत वाढवली.