दुसरा सांगणारा

संपादकांनी सातही चित्रं टेबलावर मांडली, चष्मा कपाळावर चढवला आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. चित्रं सुरेख आहेत, पण ही गोष्ट छापता येणार नाही.

"लोककथांचं पुस्तक आहे हे. एकमेकांना न ओळखणारे दोन सांगणारे मिळाल्याशिवाय मी कथा घेत नाही. तुमच्याकडे फक्त वडील आहेत."

चित्रकार मुलीनं दीड वर्ष लाकूड कोरून त्या चित्रांचे ठसे केले होते. कासव, घुबड, पिल्लू आणि चंद्रावर गेलेली सशीण. पहिलंच पुस्तक, आणि महिनाअखेर ते छापायला जायचं होतं.

गोष्ट बाबांची. आई तापात वारली, असं बाबा सांगायचे; तेव्हा ती तीन वर्षांची होती. पुढे रोज झोपताना बाबांनी तिला हीच गोष्ट सांगितली. सशीण पिल्लाला झोपवते, चंद्रावर उडी मारते आणि तिथून परत येत नाही, नुसती बघत राहते.

ही गोष्ट आणखी कुणाला माहीत आहे का, असं विचारणारं निवेदन तिनं वर्तमानपत्रात द्यायचं ठरवलं, तर बाबाच आडवे आले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, म्हणाले. दुसरी एखादी कोर. बाबा पहिल्यापासूनच घुमे, त्यामुळे तिनं ते मनावर घेतलं नाही. निवेदन छापून आलं, खाली तिचं नाव आणि स्टुडिओचा पत्ता.

पत्रं बरीच आली. त्यांत ससे पैशाला पासरी होते, सशीण एकही नव्हती. मुलीनं आशा सोडली.

शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, पन्नाशी उलटलेल्या एक बाई स्टुडिओत आल्या. बसा म्हटलं तरी उभ्याच राहिल्या. दोरीवर वाळत घातलेली चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली.

शब्दाला शब्द तीच. कासवाची कुरकुर, घुबडाच्या थापा, पिल्लाचे कान पांघरुणात नीट घालणं. मुलगी भराभर लिहून घेत होती. शेवट मात्र वेगळा निघाला. बाईंची सशीण रात्रभर चंद्रावर कामाला जायची आणि उजाडायच्या आत पिल्लापाशी परत यायची.

"असा फरक सापडला की संपादक खूश होतात," मुलगी म्हणाली. "बाबांना हा शेवट माहीतच नाही. आता एवढंच सांगा, तुम्ही ही गोष्ट कुणाकडून ऐकलीत?"

बाईंनी दोरीवरचं पिल्लाचं चित्र सरळ केलं.

"ऐकली नाही," त्या म्हणाल्या. "मला रात्रपाळी असायची आणि तू झोपायची नाहीस, म्हणून मीच रचली होती."