चौकटीमागे

पडद्यावर लॉगिनचं पान उमटलं आणि समितीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे शाळेचा जुना फोटो, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर ओळीने उभे असलेले शिक्षक. उजवीकडे पांढरी चौकट. तिच्यात सभासद क्रमांक, पासवर्ड आणि खाली ‘प्रवेश करा’ असं हिरवं बटण. माजी विद्यार्थी संघाची वेबसाइट उघडणारा प्रत्येक जण आधी या पानावर थांबणार होता. सम्यकने त्यावर तीन आठवडे घालवले होते.

बटण हिरवंच का, हे तो समजावून सांगत होता, एवढ्यात दार हळूच ढकलून काशीराम आत आले. सकाळच्या एसटीने देवरूखहून निघालेले, हातात कापडी पिशवी. निवृत्त मुख्याध्यापिका मालनबाईंनी त्यांना आवर्जून बोलावलं होतं. पस्तीस वर्षं ज्यांनी शाळेची घंटा दिली ते शिपाई बैठकीला नकोत का, असं त्यांचं म्हणणं. काशीरामांनी सगळ्यांना हात जोडले. सम्यकलाही जोडले, इतरांना जोडले तेवढेच. मग ते दाराजवळच्या खुर्चीवर टेकले.

सम्यकने नुसती मान हलवली आणि बोलणं पुढे चालू केलं. ते त्याचे वडील होते.

खोलीतल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. सम्यक या शाळेत न जाता लहानपणापासून रत्नागिरीत मावशीकडे राहून शिकलेला, आणि शाळेत काशीरामांना आडनाव कधी कुणी विचारलंच नव्हतं. हे काम मिळाल्यावर त्याने घरी फोन करून सांगितलं, तेव्हा वडील फार खूश झाले होते. तुमच्याबद्दल मी तिथे काही बोललो नाही, हेही त्याने जाता जाता सांगून टाकलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, बरं केलंस.

संघाचे अध्यक्ष हर्षद मुळ्ये यांना पान आवडलं. त्यांची दोन हॉटेलं होती आणि त्यांच्याही वेबसाइट करायच्या आहेत, असं ते मघाशीच बोलले होते. त्यांना फक्त एक शंका होती. चौकट जरा मोठी वाटत होती. तिच्यामागे कुणी झाकलं तर जात नाही ना?

“नाही सर,” सम्यक म्हणाला. “मागे नुसती भिंत आहे.”

मालनबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी चष्मा नीट केला. त्या टोकाला घंटा होती, असं त्यांना आठवत होतं. आणि घंटेपाशी एक माणूस उभा होता.

“काशीराम, तुम्ही होतात ना या फोटोत?”

सम्यकचा हात माउसवर तसाच राहिला. काशीरामांनी पडद्याकडे पाहिलं. मग मालनबाईंकडे. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

“नाय ओ बाई. त्या दिवशी मी रजेवर होतो. तिकडं भिंतच हाय.”

विषय तिथेच मिटला. पान मंजूर झालं. तेवढ्यात हॉटेलातून चहाची किटली आणि कप आले, आणि मुळ्यांनी अगदी आपलेपणाने सांगितलं की काशीराम, जरा सगळ्यांना चहा द्या. काशीराम उठले. कुणाला आधी, कुणाला मागून, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ट्रे घेऊन ते एकेकापुढे वाकत गेले आणि सर्वांत शेवटी सम्यकसमोर आले.

“घ्या साहेब.”

घरी त्यांनी त्याला ‘अरे’शिवाय कधी हाक मारली नव्हती. सम्यकने कप घेतला. वडील वळून दुसऱ्या बाजूला गेले तरी तो कप तसाच धरून बसला.

मग त्याने कप खाली ठेवला आणि लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. ती पांढरी चौकट धरून त्याने खाली सरकवली, फोटोच्या पार खाली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

पडद्यावर, उजव्या टोकाला, खाकी सदऱ्यातला एक तरुण माणूस घंटेच्या दोरीवर हात ठेवून उभा होता. सगळे शिक्षक गंभीर. तो एकटा हसत होता. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. सम्यकला ते पाठ होतं. चौकट किती रुंद करायची, हे त्याने त्या माणसाकडे बघूनच मोजलं होतं.

“हे माझे वडील,” तो म्हणाला. कुणाला ऐकूच गेलं नाही. त्याला पुन्हा म्हणावं लागलं.

मालनबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मुळ्ये एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा काशीरामांच्या हातातल्या ट्रेकडे. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते सम्यकला म्हणाले, “अहो, मग एवढं सोपं होतं तर आधीच का नाही केलंत?”

सम्यकला मान वर करता येईना.

काशीराम एव्हाना रिकामे कप गोळा करत मुळ्यांपर्यंत पोहोचले होते.

“शिकतोय अजून,” ते म्हणाले आणि कप घ्यायला त्यांनी हात पुढे केला. कप केव्हाच रिकामा झाला होता, पण मुळ्यांना तो सोडवेना.